मागून आलेलं शून्य

“चौतीस सेकंद,” मुलगी म्हणाली आणि तिनेच मान खाली घातली. ऐंशी सेंटीमीटर दोऱ्याच्या लंबकाचे वीस झोके छत्तीस सेकंदांत व्हायला हवेत.

प्रयोगशाळेच्या मावशींनी चूक पुन्हा समजावली. गोळा सोडतानाच ती ‘एक’ म्हणते, म्हणून झोके एकोणीसच भरतात. सोडताना ‘शून्य’ म्हणायचं. मावशी शिक्षिका नव्हत्या. तेवीस वर्षं परीक्षानळ्या धुता धुता शिकल्या होत्या. वर्षापूर्वी विज्ञानाचे सर वारले, तेव्हापासून परीक्षेआधीची प्रयोगांची उजळणी त्याच करून घेत. नव्या बाई नुसत्या वह्या उतरवून घेत. ही मुलगी दोनदा नापास झालेली. उद्या प्रयोगांच्या परीक्षेची तिसरी वेळ, तीही परक्या शाळेत. या खेपेलाही नापास झाली, तर घरचे शाळा सोडवणार होते.

“डोक्यात दगड भरलेत माझ्या.”

“असू देत. हात शिकतात. चालव.”

मावशी नळापाशी गेल्या. मागे घड्याळाचं बटण वाजलं. छत्तीस. पुन्हा छत्तीस. तिसऱ्यांदाही.

“जमलं की गं. शून्य म्हणालीस ना?”

“मी कुठे? तुम्हीच म्हणताय ना मागून.”

मावशींनी नळ बंद केला. त्या काहीच बोलल्या नव्हत्या. आवाज कसा होता, त्यांनी विचारलं. जरा घोगरा होता, मुलगी म्हणाली. तिला वाटलं, मावशींना सर्दी झालीय.

तो आवाज मावशींच्या ओळखीचा होता. रोज सकाळी लंबक पुसून त्या एकदा सोडत, आणि कपाटाच्या बाजूने सर ‘शून्य’ म्हणत. वर्षभर त्यांनी हे कुणाला कळू दिलं नव्हतं. तेवढा एक शब्द ऐकायला त्या घंटेच्या आधी तासभर येत.

पण उद्याच्या खोलीत मागून कुणी बोलणार नव्हतं.

त्या कपाटाकडे वळल्या. “सर, आता सांगू नका. तिचं तिला म्हणू द्या.”

मुलगी कपाटाकडे बघत राहिली. तिथे कुणी नव्हतं.

“सोड,” मावशी म्हणाल्या.

गोळा सुटला. खोलीत चकार शब्द नाही. मुलगी अडखळली, गोळा धरला, पुन्हा मागे ओढला.

“शून्य,” ती म्हणाली.

छत्तीस.

ती गेल्यावर मावशींनी लंबक सोडला आणि कान देऊन उभ्या राहिल्या. झोके आखूड होत होत गोळा थांबला. मग त्यांनी केर काढायला घेतला. स्टुलं एकेक करून टेबलांवर उलटी ठेवली. कपाटाशेजारचं सरांचं स्टूल वर्षभर त्यांनी हलवलं नव्हतं. तेही उचललं, खालची धूळ झाडली आणि इतरांच्या रांगेत उलटं ठेवलं.