दोन तुझे, दोन माझे

तोक्तोसुन म्हाताऱ्यानं मरण्याआधी सगळ्याची सोय लावली, फक्त चार टायर तेवढे विसरला.

घर धाकट्याला, एर्निसला. त्यात बोलायला जागाच नव्हती. नारीनच्या डोंगरमुलखात बापाचं घर धाकट्याचंच असतं आणि आईही त्याच्याच चुलीपाशी म्हातारी होते. थोरल्या कुबातला त्याचा वाटा लग्नातच मिळाला होता, मेंढ्या आणि एक घोडी. त्या विकून त्यानं गाडी घेतली होती. म्हणजे वाटणी रीतसर झालेली होती. कुणी एका शब्दानं नाव ठेवू शकलं नसतं, आणि नेमकं तेच कुबातला आतून कुरतडत होतं. अन्याय झाला म्हणून बोंब तरी मारता येते, रीतीपुढे माणूस काय करणार!

म्हाताऱ्याची गाडी आधीच विकली गेली होती, राहिले ते टायर. बर्फावर चालायचे, खिळे बसवलेले, एकच हिवाळा वापरलेले. म्हाताऱ्याची हयात दोलोन घाटावर गाडी चालवण्यात गेली होती आणि टायरच्या बाबतीत तो कधी चिकटपणा करत नसे. दोन्ही मुलंही तोच धंदा करत. अड्ड्यावर गाडी लावायची, चार उतारू भरले की घाट ओलांडून कोचकोरला सोडायचे, तिकडून चार घेऊन परत यायचं. आणि नशीब असं खोटं की दोघांच्या गाड्या एकाच मापाच्या. एकाची जरी लहानमोठी असती तरी पुढचं काही झालं नसतं.

घाटावर पहिला बर्फ पडल्याची बातमी आली त्या सकाळी कुबात बापाच्या घरी गेला. आई, बुरुल आपा, चहा ओतत होती. एर्निस पाव मोडत बसला होता.

"टायर कुठायत?" कुबातनं बसायच्या आधीच विचारलं.

"कुठले टायर, अके?" एर्निस म्हणाला. थोरल्या भावाला तिकडे अके म्हणतात, आणि एर्निस ते फार गोड म्हणायचा.

"कुठले म्हणजे? बापाचे."

"शेडमध्ये आहेत. घरातली वस्तू घरात आहे."

"घरातली वस्तू? बाप काय ते अंगावर पांघरून झोपायचा? गाडीचे आहेत ते."

"गाडीसुद्धा याच अंगणात उभी असायची."

"हो, आणि त्याच अंगणात ती मी धुवायचो. तू तेव्हा नाक पुसायला आपाचा पदर शोधत होतास."

"आता कुणाला काय शोधायचं असतं ते दिसतंच आहे," एर्निस म्हणाला आणि पावाला लोणी लावू लागला.

बुरुल आपानं दोघांपुढे चहाच्या वाट्या सरकवल्या. "चारही एका गाडीला लावा," ती म्हणाली. "ती गाडी घाटावर जाऊ दे. एक दिवस तू ने कुबात, एक दिवस हा नेईल. दुसरी गाडी गावात फिरवा. जे मिळेल ते एकत्र करा."

"आणि झिजणार कुणाची गाडी?" दोघंही एकदमच म्हणाले. कितीतरी महिन्यांत या भावांचं एकमत झालं ते एवढंच.

म्हातारीनं पुन्हा चहा ओतायला घेतला. तिनं नवऱ्यासमोर कधी हार मानली नव्हती, पण मुलांसमोर तिचा आवाज बसायचा.

"तर मग दोन तुझे, दोन माझे," कुबात म्हणाला. "विषय संपला."

खरं म्हणजे तो रागाच्या भरात बोलून गेला होता. त्याला वाटलं होतं, एर्निस आता वरमेल, नको अके, चारही तूच ने म्हणेल. तसं म्हणाला असता तर कुबातनं चारही त्याच्याच गाडीला स्वतःच्या हातांनी बसवून दिले असते, अशी त्याची पक्की खात्री होती. त्याला टायर नकोच होते, तो शब्द हवा होता. पण एर्निस म्हणाला, "बरं." आणि चहा प्यायला.

मग माघार कुणी घ्यायची? दोघंही गाड्या घेऊन ओसमोनच्या टायरच्या दुकानात गेले. ओसमोननं आधी त्यांच्याकडे बघितलं, मग टायरकडे.

"दोन-दोन? मग म्हातारीलाही मधून कापायचं का?"

"तुला बसवायचेत का बोल," कुबात गुरकावला.

"बसवतो बाबा. मला काय, मी घाटावर जात नाही."

चारी चाकांना सारखे टायर हवेत, हे नारीनच्या ड्रायव्हरला कुणी शिकवावं लागत नाही. पुढच्या दोन चाकांना खिळ्यांचे टायर लावले की चढण मस्त चढते, गाडी घोड्यासारखी ओढते आणि माणसाला वाटतं, झालं की काम. खरी गंमत उतरताना. ब्रेकवर पाय ठेवला की पुढची चाकं बर्फ धरतात आणि मागच्यांना धरायला काहीच नसतं, मग गाडीचं बूड पुढे यायला बघतं. कुबातनं स्वतः अड्ड्यावर परगावच्या ड्रायव्हरांना यावरून शिव्या घातल्या होत्या. बाजारात जुने टायर मिळत होते. मागच्यासाठी एक जोडी घेण्याची दोघांचीही ऐपत होती. पण मी का घेऊ? आधी त्यानं घेऊ दे. पुढचे बापाचे आणि मागचे गुळगुळीत, अशा दोन गाड्या तो हिवाळाभर घाटावरून ये-जा करत राहिल्या आणि दोघं भाऊ उतारावर जीव मुठीत धरून, पहिल्या गियरमध्ये, एकमेकांना शिव्या देत खाली येत राहिले.

मग कोचकोरला मावशीच्या वर्षश्राद्धाचं जेवण निघालं. जाणं भाग होतं, घोडा कापला जाणार होता, सगळं गोत जमणार होतं. सकाळी निघताना दोन्ही गाड्या दारात उभ्या राहिल्या आणि दोघांनीही मागची दारं उघडून धरली.

"जाताना कुबातकडे बसते, येताना एर्निसकडे," बुरुल आपा म्हणाली. "आता कुणी तोंड वाकडं करू नका."

मुलांना शिकवण्याऐवजी ती स्वतःच त्यांचं गणित शिकली होती. कुबातला तेव्हा हसू आलं. हसू आलं, ही गोष्ट त्यानं पुढे कुणालाच सांगितली नाही.

चढण बरी गेली. कोचकोरच्या बाजूला उतरताना एका वळणावर मागची चाकं सुटली. कुबातची बायको जिपार किंचाळली, गाडी आडवी होता होता सावरली.

"तुझ्या बापाची गाडी अशी कधी नाचली नाही," मागून आपा म्हणाली. तिनं पुढची सीट घट्ट धरली होती. कोचकोर येईपर्यंत तिनं ती सोडली नाही.

त्या वळणावर कुबात ताळ्यावर आला. येताना आपा त्या दुसऱ्या गाडीत असणार, आणि तिकडेही हेच. मावशीच्या अंगणात गाडी लावता लावता त्यानं सगळं ठरवून टाकलं. आपले दोन काढायचे, एर्निसच्या मागच्या चाकांना चढवायचे, आपली गाडी इथेच ठेवायची आणि सगळ्यांनी मिळून एकाच गाडीतून परत जायचं. जॅक होता, पाना होता, अंगणात मावसभावांचा घोळका होता. जेवण झालं की एर्निसला बाजूला घेऊन बोलायचं एवढंच उरलं होतं. कितीतरी दिवसांनी त्याला छातीत मोकळं वाटलं.

जेवणात मांस मानानं वाटतात. कुठलं हाड कुणापुढे, हे वय आणि नातं बघून ठरतं, आणि त्यात चूक झाली तर माणसं वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. वाढणारा मावसभाऊ नवखा होता. त्यानं विचार केला असेल, एर्निस तोक्तोसुनच्या घरून आलाय, म्हणजे तोक्तोसुनच्या जागी. त्यानं मोठं हाड एर्निसपुढे ठेवलं आणि लहान कुबातपुढे.

पंगतीतले हात थांबले. चूक पोराची होती, ती सुधारायचं काम एर्निसचं. ताट उचलून अकेपुढे ठेवायचं, एवढंच. एर्निसनं ताटाकडे बघितलं, भावाकडे बघितलं. हात पुढे केलासुद्धा. मग कुणास ठाऊक काय मनात आलं, त्यानं सुरी घेतली आणि त्या हाडावरचं मांस कापू लागला.

"खा, अके," तो म्हणाला. "गार होतंय."

कुबातनं खाल्लं. चव त्याला लागली नाही. चार माणसांत नाक कापलं गेलं आणि वर घास गिळावा लागला. बाहेर येऊन त्यानं हात धुतले. एर्निस अंगणात गाडीची काच खरवडत होता. दोघांमध्ये चार पावलांचं अंतर असेल. "एर्निस, जॅक काढ," एवढंच म्हणायचं होतं. कुबातच्या ओठांवर ते आलंही होतं. त्यानं थुंकून टाकलं आणि गाडीत जाऊन बसला.

"बोलणार होतात ना त्याच्याशी?" जिपारनं विचारलं. अंगणात गाडीतून उतरताना तो तिच्या कानात पुटपुटला होता.

"त्यानं बोलावं. मोठं हाड त्यानं खाल्लंय."

आपा ठरल्याप्रमाणे एर्निसच्या गाडीत बसली. बसण्याआधी तिनं कुबातच्या काचेवर टकटक केलं, त्यानं काच खाली घेतली. "हळू चालव, बाळा," ती म्हणाली. त्यानं नुसती मान हलवली.

घाटमाथा ओलांडला तेव्हा उजेड चांगला होता. एर्निस पुढे, कुबात मागे. नारीनच्या बाजूचा उतार लागला. खालून एक ट्रक चाकांवरच्या साखळ्या वाजवत वर येत होता. एर्निसनं ब्रेक लावला असणार, लाल दिवे लागलेले कुबातला दिसले. मग त्या गाडीचं बूड अगदी सावकाश, घाई नसल्यासारखं, बाजूला आलं. पुढची चाकं रस्ता धरून होती. बाकीची गाडी त्यांच्याभोवती फिरली आणि कडेवरून खाली गेली.

एर्निसची खांद्याची हाडं मोडली. बुरुल आपा दवाखान्यापर्यंत पोचली नाही.

अंगणात लोकरीच्या नमद्याचा तंबू उभारला, तिला आत ठेवलं, आणि रीतीप्रमाणे दोन्ही मुलं काठ्यांवर वाकून तंबूबाहेर उभी राहिली. येणाऱ्या प्रत्येकाला बघून मोठ्यानं रडायचं असतं. दोघं खांद्याला खांदा लावून रडत होते, एकाचा हात गळ्यात बांधलेला. आलेले लोक म्हणत होते, बर्फ फार आहे यंदा, घाट वाईट आहे, देवानं नेलं. अड्ड्यावरचे सगळे ड्रायव्हर आले. ती गाडी ओढून वर काढताना त्यांनी पाहिली होती, पुढे कुठले टायर आणि मागे कुठले हे त्यांच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. त्यांतला एकही टायरबद्दल बोलला नाही. ओसमोन आला, त्यानं कुबातला मिठी मारली आणि तोसुद्धा बोलला नाही. कुणीतरी तोंडावर थुंकावं असं कुबातला वाटत होतं. पण सगळे फार चांगले वागले.

चाळिसाव्या दिवसाचं जेवण आटोपल्यावर एर्निस त्याच्या दारात आला. सोबत हातगाडी होती, तिच्यावर ते दोन टायर.

"गाडी भंगारात दिली," तो म्हणाला. "हे चांगले आहेत अजून."

"मला नकोत."

"मग कुणाला हवेत? मी तर घेत नाही." एका हातानंच त्यानं टायर उतरवले आणि भिंतीला टेकवून ठेवले. या वेळी तो अके म्हणाला नाही. "त्या दिवशी ते हाड मी तुला देणार होतो."

"मला माहीत आहे."

"मग तू का नाही बोललास?"

कुबात टायरवरचा चिखल अंगठ्यानं खरवडू लागला. एर्निस रिकामी हातगाडी ढकलत निघून गेला.

टायर भिंतीपाशी पडून राहिले. शेवटी जिपारच म्हणाली, "लावून टाका. विधवा व्हायची हौस नाही मला." घाटावर अजून बर्फ होता आणि पोट काही थांबत नाही. कुबातनं ते मागच्या चाकांना स्वतःच बसवले, ओसमोनकडे गेला नाही.

दुसऱ्या दिवशी कोचकोरहून परतताना गाडीत चार उतारू होते. माथा ओलांडल्यावर कुबातचे हात स्टिअरिंगवर आवळले गेले. तोच उतार, तोच निळसर घट्ट बर्फ, आणि समोरून एक लाकडानं भरलेला ट्रक वर येत होता. कुबातनं ब्रेक लावला.

गाडी सरळ खाली आली. जराही हलली नाही. मागचे तिघं झोपले होते, त्यांची झोपसुद्धा मोडली नाही, आणि पुढचा सूर्यफुलाच्या बिया सोलत कुठल्याशा लग्नाबद्दल बोलत होता, तो बोलतच राहिला. एवढं सोपं होतं. कुबातनं गाडी कडेला घेतली, खाली उतरला आणि त्या उतारूंच्या देखत बर्फात गुडघ्यांवर बसून गुरासारखा ओरडला.