मधलं फूल

तोफेच्या पत्राला उत्तर द्यायचं माझ्याकडून राहूनच गेलं होतं. खूण म्हणून ते एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात जात राहिलं. पुस्तकं वाचून संपत, उत्तर काही सुचत नसे.

तोफ म्हणजे बॅडमिंटनच्या दुहेरीतला माझा जोडीदार. नाव पडलं ते आवाजामुळे. एकेरीत मी कधी रमलो नाही. एवढ्या कोर्टात एकट्यानं उभं राहायचं म्हणजे सत्काराला बसवल्यासारखं वाटे. दुहेरीत सोय होती. फूल दोघांच्या मधोमध आलं की कुणीतरी "माझं!" म्हणून ओरडावं लागतं, ते काम तोफेचं. "माझं!" तोच ओरडे आणि "तुझं!" हेही तोच. तो सांगेल तेवढं मी मारत गेलो आणि कपाट चषकांनी भरलं.

आमच्या शेवटच्या अंतिम सामन्यात मात्र त्याचा घसा बसला. अगदी निर्णायक गुणाला फूल मधोमध आलं. मला वाटलं, त्याचंच असेल, आपण कशाला लुडबुड करा! दोघांनी ते मोठ्या आदरानं जमिनीवर येऊ दिलं. मग उचलायला दोघंही एकदम वाकलो आणि डोकी आपटली. त्यानंतर आम्ही खेळलो नाही.

आता त्यानं लिहिलं होतं : "घशाचं ऑपरेशन झालं. आवाज कायमचा गेला. क्लबात जुन्या खेळाडूंचा सामना आहे. तुझ्याशिवाय मी उतरणार नाही. पण या खेपेस ओरडायचं तू. जमेल का?"

"नुसतं 'हो' लिहायला एवढे दिवस?" बायको म्हणाली.

"अगं, आधी जमतंय का ते बघायला नको?"

"मग चला गच्चीवर."

कपडे वाळत घालायच्या दोरीपलीकडून तिनं फूल उडवलं.

"माझं... असावं बहुतेक," मी म्हणालो. तोवर फूल खाली.

"अहो, खेळताय की साक्ष देताय?"

दुसऱ्या खेपेला "माझं, तुझी हरकत नसेल तर" एवढं होईतो ते कुंडीत गेलं होतं.

ती वैतागली. "तिथे तो बिचारा न बोलता उभा राहील आणि तुम्ही परवानगी मागत बसा. आपटा पुन्हा डोकी!"

तोफ माझ्या तोंडाकडे बघत उभा आहे, हे माझ्या डोळ्यांसमोर आलं. तेवढ्यात तिनं फूल उंच मारलं.

"माझं!"

आवाज खरोखर माझाच होता. खालच्या मजल्यावरची खिडकी धाडकन उघडली.

"तुमचं असेल तर घेऊन जा ना, काका!" शेजारीण ओरडली. "आम्ही कुठे अडवलंय?"

माफी मागायला मी कठड्याकडे वळलो आणि फूल माझ्या टकलावर पडलं.

"ओरडलात, छान," बायको म्हणाली. "आता मारायचंही असतं."

ते मला येत होतं. दुपारीच कार्ड लिहिलं : "येतो. ओरडेन. खात्री हवी तर आमच्या शेजारणीला विचार."

टपालपेटीपाशी पत्ता पुन्हा एकदा वाचला. मागे एक गृहस्थ पाकीट घेऊन उभे होते. मी बाजूला झालो.

"तुम्ही टाका आधी."

"छे छे, तुम्ही."

मी टाकलं.