ट्रक यायच्या आत

अकरा वाजून गेले तरी प्रमुख पाहुण्यांचा पत्ता नव्हता, आणि हंसाबाई राठोडांच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. बाभुळगावच्या त्या अध्यापक विद्यालयात पुढच्या रांगेत सोफ्यावर त्यांना बसवून ठेवलं होतं. चहा दोनदा झाला, बिस्किटं झाली, प्राचार्य तीनदा येऊन "बस, निघालेच आहेत साहेब" असं सांगून गेले. समोर स्टेजवर मोठा फ्लेक्स. त्यावर हंसाबाईंचाच हात जोडलेला फोटो आणि खाली लाल अक्षरात 'राज्य पुरस्कारप्राप्त शिक्षिकेचे प्रेरणादायी व्याख्यान'. फोटोतल्या हंसाबाई हसत होत्या. तो काढला तेव्हा त्यांना खरंच हसू येत होतं, ही गोष्ट आता त्यांनाच खरी वाटत नव्हती.

"दहा म्हणजे दहा मॅडम," असं इंद्रजीत सरांनी फोनवर बजावून सांगितलं होतं. इंद्रजीत सर म्हणजे इथले प्राध्यापक आणि आजचे सूत्रसंचालक. त्या भरवशावर हंसाबाईंनी सगळं बेतलं होतं. साडेअकराला मोकळं व्हायचं, बाराची गाडी धरून यवतमाळ, तिथून आर्णीमार्गे महागाव, आणि तिथून मिळेल त्या ऑटोनं तांड्यावर. दिवस मावळायच्या आत पोचलं की पहिलीतल्या निकिताला घेऊन बसायचं. तास-दीड तास मिळाला तरी पुरे होता. पोरीची जोडाक्षरं तेवढी राहिली होती.

कारण उद्या सकाळी ट्रक येणार होता.

महागाव तालुक्यातल्या त्या तांड्यावर दोन शिक्षकांची शाळा. पहिली-दुसरी हंसाबाईंकडे, तिसरी-चौथी नेमसिंग सरांकडे. दिवाळीच्या तोंडावर ऊसतोडीच्या मुकादमाचा ट्रक यायचा आणि अर्धा तांडा त्यात चढायचा. भांडीकुंडी, शेरडं, कोंबड्या आणि पोरं. पोरं एकदा फडावर गेली की पाच महिने पाटीचं तोंड बघत नसत, आणि परत आली की पुन्हा अ-आ पासून सुरुवात. आठ वर्षांपूर्वी अशाच एका बापाशी हंसाबाई ट्रकच्या मागं उभ्या राहून भांडल्या होत्या. तो वैतागून म्हणाला होता, "शिकते शिकते म्हंता मॅडम, मंग या ट्रकवर काय लिवलं ते वाचून दाखवू द्या पोराले. वाचलं तं ठेवतो आजीपाशी." पोरानं दारावरचं मालकाचं नाव वाचलं, गाव वाचलं, मागचा नंबरसुद्धा वाचला. बापानं गुपचूप त्याचं गाठोडं खाली उतरवलं.

तेव्हापासून तांड्यावर ती रीतच पडून गेली. ट्रक आला की पहिलीचं प्रत्येक पोर त्याच्यापुढं उभं राहायचं. बाप ज्यावर बोट ठेवील ते वाचायचं. वाचलं ते राहिलं, अडलं ते चढलं. मग हंसाबाईंनी जूनपासूनच तयारी धरली. पहिले दोन महिने त्या पोरांशी त्यांच्याच गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीत, बोलायच्या, मग हळूहळू मराठीवर आणायच्या, आणि पोळा झाला की पिठाच्या पिशव्या, दुकानाच्या पाट्या, ट्रॅक्टरचे पत्रे, दिसेल ते वाचायला लावायच्या. गेल्या वर्षी पहिलीतलं एकही पोर ट्रकमध्ये चढलं नाही. त्याचाच तो पुरस्कार.

आणि पुरस्कार मिळाला तसा वरून आदेश आला: मॅडमनी जिल्ह्यातल्या सगळ्या अध्यापक विद्यालयांत जाऊन भावी शिक्षकांना प्रेरणा द्यावी. आता बोला! वर्गात शिकवते म्हणून बक्षीस, आणि बक्षीस मिळालं म्हणून वर्गाबाहेर. ऑगस्टपासून हे सातवं गाव. दिग्रसला दोन दिवस मोडले, त्यात परवाचा सोमवार गेला. जाणं, येणं, मुक्काम, अहवाल, फोटो. तिकडे नेमसिंग सर एकटे चार वर्ग सांभाळत होते, म्हणजे काय करत होते ते देवालाच ठाऊक. अकरा पोरांपैकी दहा कशीबशी वाचायला लागली होती. निकिता मागे पडली, कारण ती शाळेत बसायची तीच मुळी हंसाबाईंच्या पदराला धरून. मॅडम नसल्या की पोरगी दारातून परत.

पावणेबाराला एकदाचे शिक्षण खात्यातले साहेब आले. मग दीपप्रज्वलन. वाऱ्यानं वात तीनदा विझली. मग स्वागतगीत, तेही चार कडव्यांचं. मग परिचय, आणि इंद्रजीत सरांचा परिचय म्हणजे काय विचारता! "ज्ञानाच्या या धगधगत्या यज्ञकुंडात ज्यांनी स्वतःच्या आयुष्याची समिधा वाहिली..." हंसाबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. बाराची गाडी गेली होती. पुढची दीडला. म्हणजे तांड्यावर पोचायला सात. असू दे, कंदील लावून बसू, पण बसू.

"सर्वांनी आपापले मोबाईल सायलेंट करावेत ही नम्र विनंती," इंद्रजीत सर म्हणाले. हंसाबाईंनी पर्समधला मोबाईल काढला, सायलेंट केला आणि परत टाकला. मग साहेबांच्या हस्ते शाल, श्रीफळ आणि सन्मानचिन्ह झालं. ऑक्टोबरच्या उकाड्यात खांद्यावर ती लोकरीची शाल घेऊन त्या माइकपुढं उभ्या राहिल्या, तेव्हा साडेबारा झाले होते.

समोर ऐंशी-नव्वद पोरंपोरी बसली होती. पांढरे शर्ट, निळ्या साड्या. अर्ध्यांच्या डोळ्यांत झोप, उरलेल्यांच्या हातात वही. हंसाबाईंनी सुरुवात केली, आणि खरं सांगायचं तर बोलायला लागल्या की त्या रंगायच्या. ट्रकची गोष्ट त्यांनी सांगितली. बापाचं बोट कसं फिरतं, पोराचा आवंढा कसा दिसतो, वाचलं की आजी कशी पदरानं डोळे पुसते. सभागृह जागं झालं. टाळ्या पडल्या. त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली, पुन्हा टाळ्या. वीस मिनिटं म्हणता म्हणता चाळीस झाली.

शेवटी इंद्रजीत सरांनी विचारलं, "कुणाला काही प्रश्न?" असं विचारल्यावर कुणी प्रश्न विचारत नसतं, पण तिसऱ्या रांगेतली एक सडपातळ पोरगी उभी राहिली.

"मॅडम, मी अंजू. आमचाबी तांडाच हाये, दिग्रसकडचा. यंदा तुमच्या तांड्यावर ट्रक कधी येते?"

"उद्या सकाळी," हंसाबाई म्हणाल्या.

"मंग तुम्ही इथं काहून आल्या?"

पोरीच्या आवाजात कसलाही आगाऊपणा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. मागं कुणीतरी हसलं आणि गप्प झालं. प्राचार्यांनी अंजूकडे असं पाहिलं की आता हिच्या सराव पाठाचे गुण गेलेच समजा. हंसाबाईंनी तोंड उघडलं. आदेश होता, असं सांगायचं होतं. ते खरंही होतं. पण गेल्या तीन महिन्यांत एवढा साधा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता, आणि त्यांनीही स्वतःला विचारला नव्हता.

साहेबांनीच हसत हसत माइक घेतला. "अरे, एका वर्गापुरत्या का आहेत मॅडम आता? एक शिक्षिका अकरा मुलं घडवते. तीच शिक्षिका तुमच्यासारखे शंभर शिक्षक घडवते, आणि ते शंभर... करा गुणाकार! मी तर आजच जाहीर करतो, दिवाळीनंतर मॅडमचा हा उपक्रम आपण शेजारच्या जिल्ह्यातही न्यायचा. तसा प्रस्ताव मी पाठवतो." टाळ्यांनी सभागृह दणाणलं. हंसाबाई "साहेब, पण..." म्हणाल्या, तर इंद्रजीत सर कानाशी पुटपुटले, "अभिनंदन मॅडम! आता ग्रुप फोटो, पाचच मिनिटं." खुर्च्या लावायला पोरांची धावपळ सुरू झाली.

तेवढ्यात हंसाबाईंनी वेळ बघायला मोबाईल काढला. नेमसिंग सरांचे नऊ मिस्ड कॉल. त्या तशाच बाहेर व्हरांड्यात गेल्या आणि फोन लावला.

"अहो मॅडम, कुठं होत्या तुम्ही?" नेमसिंग सर ओरडलेच. "ट्रक आजच आला! कारखाना लवकर सुरू होऊन राह्यला म्हणे. साडेबाराला येऊन उभा राह्यला. मी फोन करू करू थकलो."

"पोरं?"

"दहा राह्यले. वाचलं त्यायनं. फक्त आपली निकिता... तिच्या बापानं, धनसिंगनं ट्रकच्या दारावर बोट ठेवलं. पह्यला शब्द वाचला पोरीनं, दुसऱ्यावर अडली. रडाले लागली."

हंसाबाईंनी पुढचं ऐकलंच नाही. धनसिंगचा नंबर लावला. बरीच रिंग वाजल्यावर उचलला. मागं ट्रकची घरघर आणि बायांचा गलबला ऐकू येत होता.

"धनसिंगभाऊ, पोरीला उतरवा," हंसाबाई एका दमात म्हणाल्या. "मी सातपर्यंत येते. माझ्या घरी ठेवते हवं तर. उतरवा तिला."

"आता कुठं उतरवू मॅडम? महागावच्या पुढं आलो न आम्ही." धनसिंगच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच हंसाबाईंना जास्त लागलं. "मी थांबलो होतो तुमच्यासाठी. मुकादम शिव्या देऊन राह्यला होता, तरी अर्धा घंटा ट्रक उभा ठेवला. छोरी म्हने, मॅडमले इचारा, मॅडम म्हनतीन मले येते म्हनून. मी म्हनलो, मॅडम एक शब्द म्हनल्या तं ठेवतो. सरायनं फोन लावला, लावला, लावला. तुम्ही उचलला नाही. सर म्हने, मॅडमचं भाषण सुरू असंन."

"तुमचा फोटू पाह्यला पेपरात," धनसिंग त्यांची समजूत घातल्यासारखा म्हणाला. "लई मोठं काम करून राह्यल्या तुम्ही. आमच्या तांड्याचं नाव झालं. तुम्ही वाईट नका वाटून घेऊ."

"निकिताला फोन द्या जरा."

पलीकडं कुजबूज झाली. धनसिंग पोरीला काहीतरी सांगत होता, पोरगी काहीतरी म्हणत होती. मग तोच पुन्हा बोलला, "नाही म्हनते ते. घेत नाही फोन." आणि रेंज गेली.

हंसाबाई व्हरांड्यात उभ्याच राहिल्या. राग कुणावर काढावा ते कळेना. साहेबांवर? त्या मेल्या स्वागतगीतावर? आदेशावर? आदेश तर होताच. पण पहिल्या गावी निघताना त्यांनी नवी साडी घेतली होती. दुसऱ्या गावी लोकांनी सह्या मागितल्या, तेव्हा बरं वाटलं होतं. रजा टाकता आली असती, तब्येतीचं कारण देता आलं असतं, रडता आलं असतं, भांडता आलं असतं. बापांशी भांडणारी बाई एका कागदाशी भांडली नाही, कारण त्या कागदावर तिचं कौतुक लिहिलं होतं. आणि आज तरी वीस मिनिटांत संपवता आलं असतं की! टाळ्या पडत गेल्या म्हणून चाळीस मिनिटं बोलल्या.

त्या आत आल्या. फोटोची सगळी तयारी झाली होती. मधली खुर्ची रिकामी होती आणि साहेब हातानं "या, या" करत होते. हंसाबाई खुर्चीकडे गेल्या नाहीत. सरळ माइककडे गेल्या. इंद्रजीत सरांना वाटलं आभार मानायचे असतील, त्यांनी लगबगीनं माइक चालू करून दिला.

"अंजू कुठं आहे?" हंसाबाईंनी विचारलं.

मागच्या ओळीत, खुर्चीवर उभी राहिलेली अंजू घाबरून खाली उतरली.

"तू विचारलंस ना, मी इथं काहून आले. ऐक. ट्रक उद्या नव्हता, आजच आला. निकिता नावाची माझी एक पोरगी आहे, सहा वर्षांची. ती अडली. तरी तिच्या बापानं अर्धा तास ट्रक थांबवून धरला, मॅडम फोन उचलतील म्हणून. तेवढाच वेळ मी इथं उभी राहून तुम्हाला सांगत होते, की मी पोरं कशी थांबवते."

कॅमेरावाल्यानं कॅमेरा खाली घेतला.

"मॅडम, भावना समजू शकतो," साहेब उठून म्हणाले, "पण हे असं स्टेजवरून... आणि पुढच्या दौऱ्याचं पत्र..."

"पाठवा पत्र. मी येणार नाही. नोटीस काढायची तर तीही काढा, शाळेच्या पत्त्यावर काढा, मी तिथंच सापडेन."

त्यांनी खांद्यावरची शाल काढून मधल्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली, पर्स उचलली आणि पायऱ्या उतरल्या. दारापाशी अंजू आडवी आली. तिचे डोळे भरले होते. "मॅडम, माह्यामुळं झालं का हे?"

"नाही गं बाई," हंसाबाई म्हणाल्या. "तू एकटीच तर मास्तरीण निघालीस इथं."

दीडची गाडी गेली होती. पुढची अडीचला होती. स्टँडवरच्या बाकावर बसून हंसाबाईंनी धनसिंगचा नंबर पुन्हा लावला, पुन्हा लावला, आणि रेंज येईपर्यंत लावत राहिल्या.