पिल्लाची जागा

"मामा, बघितलंत? आईला टेकून झोपलंय पिल्लू!"

संशोधक बाई गुहेतल्या ओल्या मातीत गुडघे टेकून बसल्या होत्या. समोर अस्वलाची भलीमोठी कवटी आणि तिला खेटून एक चिमुकली कवटी. हाडं हजारो वर्षांपूर्वीची. कठड्यापलीकडे पाय टाकायचा हक्क बाईंसारख्यांनाच होता. रखवालदाराने फक्त दार सांभाळायचं आणि दर सोमवारी कठड्याशी उभं राहून आतलं तापमान लिहायचं.

"दोघं एकत्रच गेली असणार. आजच लेख लिहायला घेते."

रखवालदाराने तापमानाची वही मिटली.

बावीस वर्षांपूर्वी त्याची बायको गेली आणि चार वर्षांची लेक मावशीकडे ठेवावी लागली. तिला पोचवून आल्यावरच्या सोमवारी त्याला एकटं पडलेलं ते पिल्लू बघवेना. त्याने कठडा ओलांडला, कवटी उचलली आणि आईपाशी नेऊन ठेवली. असं करण्याने काही बिघडतं, हे त्याच्या गावीही नव्हतं. पुढे कळलं, तेव्हा तो मूग गिळून बसला. गुहेचा नकाशा काढायला इतकी वर्षं कुणी आलंच नाही, म्हणून निभावलं.

निवृत्तीला चार महिने उरले होते. आताही गप्प राहिलं असतं तर कुणाला काही कळणार नव्हतं. बाई तर लिहिता लिहिता स्वतःशीच हसत होत्या. लेकीच्याच वयाची पोर. तिच्या आनंदावर विरजण घालायचं त्याच्या अगदी जिवावर आलं. पण तिला खोटं लिहू देणं त्याहून वाईट.

"मॅडम, ते मी ठेवलंय."

"काय?"

"पिल्लू. ते तिकडे कोपऱ्यात होतं. मीच उचलून आणलं."

बाईंचं पेन थांबलं. "थट्टा करताय का, मामा?"

"थट्टा करायचं वय आहे का माझं?"

"अहो, पण का?"

"एकटं होतं."

बाईंनी लिहिलेल्या पानावर आडवी रेघ मारली.

"हे वर कळवावं लागेल. तुमच्या नावानिशी."

"कळवा. केलंय तर मीच."

बाईंनी पिशवीतून जागेची खूण करायची नंबराची पट्टी काढली. "या आत. नेमकं कुठे होतं, दाखवा."

चपला काढून तो कठड्याच्या आत आला. बाईंनी कोपऱ्यातल्या दगडाजवळ पट्टी ठेवली आणि त्याच्याकडे पाहिलं.

"अजून मागे घ्या," तो म्हणाला. "ते होतं तिथून आई दिसत नव्हती."