पळालेल्याची नोटीस

आमच्या घरच्या इंटरनेटपेक्षा गोगलगाय बरी, म्हणून बुधवारी दुपारी आकांक्षाला रुसैलला माझ्या फॅक्टरीच्या ऑफिसात नेलं. कंपनी फी भरते म्हणून पोरगी अमेरिकन शाळेत. आठवीला अमेरिकेचा इतिहास. बाईंचं फर्मान, पुस्तक मिटा आणि वेबसाइटवर त्या काळचे मूळ कागद शोधा. मला हसूच आलं. चिपळूणच्या माणसाने ओमानात बसून अमेरिकेची रद्दी छापायची!

तिने तिचे कागद छापले, मी माझं काम उरकलं. फॅक्टरीतला उस्मान चार दिवस कॅम्पवर नव्हता. असा कामगार निघून गेला की कंपनी पेपरात नोटीस देते. दहा वर्षं तिचा मजकूर मीच लिहितो. प्रिंट काढली, फॅक्स केली, खलास.

घरी सहज तिची फाइल चाळली. मधल्याच ओळीवर नजर गेली. 'वय तीस. उजव्या हातावर भाजल्याची खूण. आसरा देणाऱ्यावर कायदेशीर कारवाई होईल.'

"अगं, माझी नोटीस तुझ्या कागदांत आली बघ."

"ही नाही बाबा. तुझी मागे आहे, प्रिंटरवर मिक्स झाली. ही एटीन थर्टीची. तो माणूस स्लेव्ह होता."

मागचं पान उलटलं. तेच वय, तीच खूण, तीच धमकी. उस्मानचा हात आमच्याच भट्टीवर भाजला होता. आई गेल्यापासून तो रजा मागत होता, मला रामकृष्णभाऊ म्हणून हात जोडत होता. अर्बाब, म्हणजे आमचा ओमानी मालक, नाही म्हणाला आणि मी मान डोलावली. त्याचा पासपोर्ट माझ्याच कपाटात, कुलपात. नोटिशीत यातलं अक्षर नव्हतं. मला स्वतःची शिसारी आली.

पेपरच्या ऑफिसात फोन लावला. "वो नोटीस रोको भाई, गलती हो गई."

"पेज गया, भाईसाब. सुबह आ जाएगा."

रिसीव्हर ठेवला तेव्हा आकांक्षा शाळेचा तक्ता भरत होती. प्रत्येक कागदापुढे पहिला प्रश्न एकच, हा कुणी लिहिला? अमेरिकेच्या पानापुढे तिने मालकाचं नाव घातलं होतं. खालच्या ओळीत 'उस्मानची नोटीस' एवढंच. पुढची जागा मोकळी.

"बाबा," पेन तसंच धरून तिने विचारलं, "इथे अर्बाबचं नाव लिहू, की तुझं?"