इस्त्रीचा गणवेश

शाळेच्या कचेरीतल्या बाईंना सगळे मागून 'भिंग' म्हणत, आणि बाईंना ते ठाऊकही होतं. म्हणेनात का! गेल्या वर्षी एका बापाने पगार लपवून दोन मुलांना फुकट जेवू घातलं आणि तोच बाबा कोऱ्या करकरीत गाडीतून मुलांना सोडायला आला, तेव्हा बोलणी कुणी खाल्ली? बाईंनीच. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो; बाई तर तेव्हापासून पाणीसुद्धा फुंकत होत्या.

त्यामुळे तिसरीतल्या त्या मुलीचा मोफत जेवणाचा अर्ज समोर आला आणि बाईंच्या कपाळाला आठी पडली. आईने लिहिलं होतं, मुक्काम बहिणीकडे. उत्पन्न मात्र फक्त स्वतःचं. अहो, एका छपराखाली राहायचं तर मेहुण्याचा पगार कोण धरणार? आणि पोरीचा गणवेश! रोज कडक इस्त्री, चुण्या अशा की बोट कापेल. जिथे खायची पंचाईत, तिथे इस्त्री सुचते? पाणी कुठेतरी मुरत होतं. बाईंनी अर्ज खणात टाकला.

नऊ दिवस तो तिथेच राहिला. जेवणाच्या सुट्टीत मुलगी नळावर जायची, घटाघटा पाणी प्यायची आणि वर्गात जाऊन बसायची. बाईंनी खिडकीतून तेही पाहिलं. पण अशी नाटकं त्यांनी काय कमी पाहिली होती?

दहाव्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या अर्जावरच्या पत्त्यावर जाऊन थडकल्या. बहिणीने साखळी न काढताच दार किलकिलं केलं.

"इथे नाही राहत त्या दोघी. आमच्या यांना आवडत नाही. पत्ता तेवढा लाव म्हटलं होतं मी."

"मग राहतात कुठे?"

"कोपऱ्यावरच्या लाँड्रीत विचारा." आणि दार बंद.

सापडली! बाईंना मनातून गुदगुल्या झाल्या. खोटा पत्ता, तोही सहीनिशी. त्या तरातरा लाँड्रीवर पोचल्या.

मागच्या खोलीत आई चादरींच्या घड्या घालत होती. मुलगी मळक्या खोळींच्या गठ्ठ्यावर बसून गृहपाठ करत होती. तिच्या डोक्यावर खिळ्याला उद्याचा गणवेश टांगला होता, कडक इस्त्रीचा. खाली दोन उशा, आणि पेल्यात दातांचे दोन ब्रश. इथे इस्त्रीला काय तोटा? तोटा होता तो घराचा. बाईंचं तोंड कडू झालं.

"अहो, खोटा पत्ता कशाला दिलात?" त्या म्हणाल्या. "अशाने मेहुण्याचा पगार धरला असता आणि अर्ज नामंजूर झाला असता. घर नाही असं लिहायचं होतं. मग कुणी उत्पन्न विचारत नाही, माझ्या एका सहीवर त्याच दिवशी ताट मिळतं."

"घर नाही लिहिलं की सरकारी माणसं पोरीला उचलून नेतात." आईने हातातली चादर छातीशी धरली. "त्यासाठीच आलात ना तुम्ही?"

"नाही हो!" बाईंनी पिशवीतून अर्ज काढला, पत्ता खोडला आणि 'राहायला घर नाही' असं लिहिलं. "जेवणापुरताच आहे हा. घ्या, करा सही."

आईने कागद तीनदा वाचला. उलटा करून मागची कोरी बाजूही पाहिली. "आधी तुम्ही करा."

दुसऱ्याच्या सहीवर आयुष्यात भरवसा न ठेवलेल्या बाईंनी मुकाट्याने आधी सही केली. "कुणी न्यायला आलंच, तर आधी माझ्याशी गाठ आहे म्हणावं. उद्यापासून जेवेल ती."

आईचं पेन हवेतच राहिलं. "उद्यापासून? ती तर जेवतेच आहे. अर्ज दिला त्या दिवसापासून."

"अर्ज माझ्या खणात होता," बाई कशाबशा म्हणाल्या.

"असं कसं? रोज येऊन सांगते मला, आई, पोटभर जेवले." आईने पेन खाली ठेवलं. "म्हणून तर मी रात्री तिला अर्धीच भाकरी देते."

दोघींनी गठ्ठ्याकडे पाहिलं. मुलीने वहीत आणखी खाली मान घातली आणि पुसून झालेली ओळ पुन्हा पुसू लागली.