दार लावा, गार जातंय

मी बोलतोय, घासलेटवर चालणारा फ्रीज. 'चालणारा' हे आपलं सवयीनं म्हणतो. चालणं सुटून वर्षं झाली. सध्या उमरखेडला बळीरामच्या घरात कोपऱ्यात उभा आहे. वरच्या खणात तुरीची डाळ, मधल्या खणात त्याच्या बायकोची, तुळसाबाईची लुगडी, आणि खाली, जिथे कधी माझी वात जळायची, तिथे एक कोंबडी अंड्यांवर बसते. दमलोय हो मी. तरी विचारलंत म्हणून सांगतो, पण घाई करू नका. घाई मला जन्मात जमली नाही. घाईनं बर्फ होत नाही.

जन्म साता समुद्रापलीकडचा. तिथे म्हणे हिवाळाभर दारातच बर्फ पडून असतो. मग तिथल्या लोकांनी मला कशाला घडवलं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. आगबोटीनं मुंबई, मुंबईहून आगगाडी, आणि यवतमाळहून पुढे मालट्रक. पुसदच्या पुढचा रस्ता कसा होता ते विचारू नका. सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात उमरखेडला उतरलो तेव्हा माझं एक हाड जागेवर नव्हतं.

मला आणलं श्रीकृष्ण डॉक्टरांनी. घरात वीज नव्हती, आणि त्यांना लशी, इंजेक्शनं गार ठेवायची होती. मला ट्रकमधून उतरवायला माणसं बोलावली, त्यांत बळीराम होता. डॉक्टरांनी त्याला समजावलं, की खालच्या टाकीत घासलेट भरायचं, वात पेटवायची, म्हणजे वर बर्फ होतो.

बळीराम हातातला दोर सोडून हसायलाच लागला. "खाली चूल आन् वर बरफ? डॉक्टरसायब, तुमाले कोणंतरी बनवलं!"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या पत्नीनं, कुंदाबाईंनी, त्याला बर्फाचा खडा दाखवला. त्यानं तो लांबूनच पाहिला, "बाप्पा!" म्हणाला, आणि त्या दिवसापासून माझी आग त्याच्या हाती आली.

तो रोज सकाळी यायचा. पडवीत पालथा झोपायचा, टाकी ओढायचा, घासलेट भरायचा, वातीची काजळी पुसायचा. ज्योत दिसावी म्हणून माझ्या पोटाखाली एक छोटा आरसा बसवलेला होता. त्या आरशात डोळा लावून तो माझ्याशी बोलायचा. "निळी जळून राह्यली, मस्त! काल पिवळी काहून झालती रे?" मी काय सांगणार? काल वैशाख होता, आज पण वैशाखच आहे. पोटात आग घेऊन बेचाळीस-त्रेचाळीसच्या उन्हात डोकं गार ठेवायचं, ही काय चेष्टा आहे? पण त्याचा हात बरा होता. त्यानं पुसलेली वात धूर करत नसे.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. बळीरामनं माझी आग राखली, पण माझं दार त्यानं कधी उघडलं नाही. त्याला कोणी उघडायला सांगितलं नाही.

माझ्या दारावर सत्ता होती आजींची, म्हणजे डॉक्टरांच्या आईंची. घासलेटचा वास स्वयंपाकघरात नको, म्हणून त्यांनीच मला मागच्या पडवीत उभं करवलं. आणि पलंगावर बसल्या बसल्या दिवसातून शंभरदा त्यांचं एकच: "दार लावा, गार जातंय!" त्यांचं माझं एवढ्या एका बाबतीत पटायचं. माणसांची खोड तुम्हाला ठाऊक आहे ना? दार उघडतात, आत बघत उभी राहतात, काय हवं होतं ते विसरतात, आणि तशीच निघून जातात. मेहनतीनं साठवलेलं गार तेवढ्यात पडवीभर सांडलेलं असतं. ते पुन्हा जमवायला मला अर्धा दिवस लागायचा.

त्यात कुंदाबाईंना उन्हाळ्याचा छंद लागला. लशींच्या वर बर्फाचे दोन ट्रे बसायचे. एकात पाणी असायचं, दुसऱ्यात बाईंचे प्रयोग. खरबुजाच्या फोडी साखर भुरभुरून ठेवायच्या. गावरान आंब्याचा गर काढायचा, त्यात साखर आणि चिमूटभर मीठ घालून तो खणाखणांत ओतायचा, आणि प्रत्येक खणात तुराटीची, म्हणजे तुरीच्या वाळल्या झाडाची, एकेक काडी सोलून, धुऊन उभी करायची. एक रात्र आणि वर एक दिवस, की काडीला धरून आंब्याची वडी बाहेर. जांभळं आली की जांभळाची. लेक रजनी ती चोखत अंगणभर फिरायची, कोपरापर्यंत ओघळ. सोपं काम आहे म्हणे! बाईंना सोपं. गार मी करत होतो.

गावात बर्फ माझ्याकडेच. कोणाला ताप चढला, कोणाचं नाक फुटलं, की लोक भांडं घेऊन मागच्या दारी यायचे. आजींचा नियम असा, की काही लोकांच्या भांड्यात बर्फ वरून टाकायचा, भांड्याला हात लागू द्यायचा नाही. वरून टाकलेला बर्फ निम्मा मातीत जायचा. मला त्याचा राग यायचा, कारण तो मी केलेला असायचा.

छप्पन सालानंतर बळीराम आणि तुळसाबाई बौद्ध झाले होते. एकदा तुळसाबाईच्या लेकीला ताप आला म्हणून ती भांडं घेऊन आली, आणि कुंदाबाईंनी सवयीनं हात उंच केला. तुळसाबाईनं भांडं मागे घेतलं.

"बाई, हातात द्या, नाई तं राहू द्या. वरून टाकलेलं आता आमी घेत नाई."

कुंदाबाईंचा हात तसाच राहिला. आतून आजी म्हणाल्या, "दार लावा गं!" तुळसाबाई रिकामं भांडं घेऊन निघून गेली. लेक बरी झाली, ओल्या फडक्यानं झाली. पण त्या दिवसापासून तिच्या घरात माझा बर्फ गेला नाही. बळीरामलाही तिचा हुकूम होता. रजनी कधी काडी पुढे करायची, तर तो हसून म्हणायचा, "गारानं माहे दात सिनसिन करतेत माय." खोटं बोलायचा. त्याचे दात ऊस सोलतील असे होते.

आता त्या दुपारची गोष्ट सांगतो. एकोणसाठचा वैशाख. रजनीचा वाढदिवस, आणि आळीतली सगळी मुलं संध्याकाळी आंब्याच्या वड्या खायला येणार होती. कुंदाबाईंनी मुलांना कबूल करून टाकलेलं. म्हणून दोन्ही ट्रेमध्ये आंबाच भरला. पाण्याचा बर्फ नाहीच. मी दोन दिवस धापा टाकत होतो. डॉक्टर ढाणकीकडे कुणाच्या बाळंतपणाला गेले होते.

माझ्या टाकीतलं घासलेट संपत आलं होतं. ते संपलं तर वड्या पातळ होतील, म्हणून बळीराम भर उन्हात कावड घेऊन बाजारात गेला. दोन डबे घेऊन परतला. पडवीत डबे नीट टेकवले, एक थेंब सांडू दिला नाही, आणि तिथेच, माझ्यासमोर, कोसळला.

अंग वाळून कडकडीत. घामाचा टिपूस नाही. डोळे उघडे, पण त्यांत तो नव्हता. कुंदाबाई बाहेर आल्या, कपाळाला हात लावला आणि पांढऱ्या पडल्या. डॉक्टरची बायको, ऊन कसं मारतं हे तिनं पाहिलेलं. रजनीला पाठवून तुळसाबाईला बोलावलं. ती धावत आली ती अनवाणीच, आणि नवऱ्याला हलवायला लागली.

"अजी! अजी, माझ्याकडे पाहा ना! काय झालं वं बाई यायले?"

"ऊन लागलंय. बर्फ पाहिजे, आत्ताच्या आत्ता," कुंदाबाई म्हणाल्या, आणि बोलता बोलता थांबल्या. बर्फ नव्हता. दोन ट्रे आंबा होता.

त्या किती वेळ थांबल्या? एक श्वास असेल. मला तो फार मोठा वाटला. आतून आजी म्हणाल्या, "माठातलं पाणी शिंपडा, येईल शुद्धीवर." रजनी दारात उभी होती, नवं परकर-पोलकं घालून.

कुंदाबाईंनी माझं दार भिंतीला आपटेपर्यंत उघडलं. ट्रे खाली चिकटून बसलेला. त्यांनी ओढला, निघेना.

"तुळसाबाई, ये इकडे. घाल हात. ओढ!"

तुळसाबाईनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि हात आत घातला. दोघींनी मिळून ओढला. ट्रे सुटला तेव्हा माझ्या आतल्या पत्र्याला जी चीर गेली, ती अजून आहे. दुखलं.

मग त्या दोघींनी आंब्याच्या वड्या लुगड्याच्या फडक्यांत बांधल्या. मानेखाली ठेवल्या, दोन्ही काखांत ठेवल्या, कपाळावर ठेवल्या. अंगावर ओली चादर टाकली. तुराटीच्या काड्या फडक्यांतून बाहेर आलेल्या. पिवळा रस त्याच्या कानांमागून, गळ्यावरून ओघळायला लागला. माश्या आल्या. रजनीनं तिचा हातपंखा आणला आणि वारा घालायला बसली. तिचा नवा परकर रसानं भरला.

आणि माझं दार? ते सताड उघडंच. होतं नव्हतं ते गार त्याच्या अंगावर सांडत होतं. कुंदाबाईंनी लशींचा डबा ओल्या पोत्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवला आणि माझ्याकडे वळून पाहिलंही नाही. आजी काठी टेकत पडवीत आल्या. सवयीनं तोंड उघडलं, "दार ला..." आणि खाली पडलेल्या बळीरामकडे पाहून तिथेच थांबल्या. मग आत जाऊन आपल्या पिण्याचा माठ स्वतः फरफटत घेऊन आल्या.

मी जीव खाऊन गार सोडत होतो. टाकीत घासलेट नावाला उरलेलं. ज्योत पिवळी पडली होती, धूर होत होता, आणि पुसणारा तो माझ्यासमोर पालथ्याऐवजी उताणा पडलेला. मरू नकोस रे बाबा, एवढंच मी म्हणत होतो. तुझ्याशिवाय माझ्याशी बोलतं कोण?

दुसरा ट्रेही वितळून गेला तेव्हा कुठे त्याच्या मानेवर घाम फुटला. तुळसाबाई रडायला लागली. रसाचा एक ओघळ गालावरून त्याच्या ओठांपाशी आला होता. त्याची जीभ हलली. त्यानं तो चाटला. डोळे फिरले, आणि या वेळी त्यांत तो होता.

"तुळसे..." आवाज कसाबसा निघाला. "आंबा हाय का वं हा?"

"हाय! हाय ना जी!"

"गोड हाय." मग मान थोडी वळवून त्यानं माझ्या उघड्या दारातून आत पाहिलं. पहिल्यांदाच. "इतकं गार असते आतून? अन् मी खालूनच पाहून राह्यलतो."

कुंदाबाईंनी तोंडाला पदर लावला. संध्याकाळी आळीतली मुलं आली, त्यांना कोमट सरबत मिळालं. ती कुरकुरली. रजनी मात्र कुरकुरली नाही.

एका दुपारीत माणसं बदलतात असं मी म्हणणार नाही. म्हणण्याएवढा मी तरुण राहिलो नाही. आजी पुढेही काही वर्षं इतरांच्या भांड्यात वरूनच टाकायच्या. पण कुंदाबाईंचा हात पुन्हा उंच झाला नाही. दर उन्हाळ्यात त्या एक काडी बळीरामच्या हातात द्यायच्या आणि एक तुळसाबाईच्या. तुळसाबाई घ्यायची, खायची, आणि म्हणायची, "साखर जराशी कमी पायजे होती." हक्कानं म्हणायची. मला ते ऐकायला आवडायचं.

पुढे घरात वीज आली. पाठोपाठ पांढराशुभ्र विजेचा फ्रीज आला, आणि मी अडगळ झालो. कुंदाबाई म्हणाल्या, "बळीराम, याला तुझ्याशिवाय कोण सांभाळणार? घेऊन जा." मी बैलगाडीतून इथे आलो. एकदा त्यानं हौसेनं वात लावून पाहिली. पण माझ्या नळ्या गंजलेल्या, त्या चिरेतून आत ऊब शिरलेली. नुसता धूर झाला. त्यानं वात काढली, पुसली आणि ठेवून दिली.

यंदा पत्रा पार सडलाय. तुळसाबाईनं रामलाल भंगारवाल्याला सांगून ठेवलंय. परवा तो येऊन मला ठोकून गेला. मला वाईट वाटलं नाही, खरंच नाही. फार वर्षं उभा आहे. बळीराम त्याला एवढंच म्हणाला, "नेजो बाप्पा. पण आंबे होऊ दे, मंग ने."

कारण त्याची एक सवय आहे. पहिला आंबा पिकला, की दुपारी तो माझ्यासमोर बसतो, दार सताड उघडतो. आंब्याची फोड कापून वरच्या खणात, डाळीच्या डब्यावर ठेवतो आणि थांबतो. आज पण बसलाय. केस पिकलेत त्याचे.

"अजी, दार लावा ना! कोंबडी शिरते डाळीत," चुलीपासून तुळसाबाई ओरडते.

"राहू दे वं. गार येऊन राह्यलं."

"कायचं गार! पागल झाले," ती म्हणते, पण दार लावायला उठत नाही.

थोड्या वेळानं तो फोड उचलतो, खातो. फोड कोमटच असते. मला माहीत आहे, त्यालाही माहीत आहे. "झाली गार," तो मला म्हणतो.

जन्मभर मी एकच मागत आलो, की दार लावा, गार जातंय. आता जाण्यासारखं माझ्यात काही उरलं नाही. रामलाल आला की मी मुकाट्यानं जाईन. तोवर एवढं करा. हा माणूस माझ्यासमोर बसलेला असेल, तेवढा वेळ दार उघडंच राहू द्या.